भरतीत वशिला चाललाय असं वाटतंय? मग भांडण वशिल्याशी नको, मोडलेल्या नियमावर करा

निवड यादी लागली की तासाभरात ग्रुपवर सुरू होतं, अमक्याचा साडू मंत्रालयात आहे, तमक्याने इतक्या पेट्या मोजल्या, इंटरव्ह्यू आधीच मॅनेज होता. त्यातलं बरंच खरंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण हेच जसंच्या तसं कागदावर उतरवून कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला समोरून प्रश्न येणार की नियम कोणता मोडला ते सांगा, आणि तिथे वकील तुमच्या तोंडाकडे बघणार, तुम्ही वकिलाच्या. ओळख असणं हा गुन्हा नाही, मंत्र्याचा भाचा मेरिटवर लागूही शकतो. कोर्टाला दाखवावं लागतं की जाहिरातीत हे लिहिलं होतं, सेवाप्रवेश नियमात (म्हणजे त्या पदाच्या भरतीच्या सरकारी नियमात) हे होतं, आणि प्रत्यक्षात झालं भलतंच. म्हणून खाली जे सगळं लिहिलंय ते एकाच कामासाठी आहे, ‘सेटिंग झाली’ हे वाक्य नियम, कागद आणि तारीख यात कसं बदलायचं.

हे सगळं महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीबद्दल आहे, केंद्राच्या भरतीबद्दल मध्ये मध्ये येईल. आणि हो, हे वाचून वकील लागणार नाही असं नाही, पण वकिलाकडे जाताना हात हलवत जाणार नाही एवढं नक्की.

आधी बघा, केस बसते का

घटनेचं कलम 14 आणि 16, म्हणजे समानता आणि सरकारी नोकरीत समान संधी, हा सगळ्याचा पाया. पण नुसतं ‘कलम 14 चा भंग’ असं लिहून काही होत नाही, ते प्रत्येक अर्जात असतंच. वशिल्याचे जे प्रकार कोर्टात खरंच टिकतात ते मोजकेच आहेत.

पहिला, जाहिरातच न काढता मागच्या दाराने भरलेली माणसं. आधी कंत्राटी म्हणून घ्यायचं, मग दोन वर्षांनी कायम करायचा प्रस्ताव. यावर 2006 चा उमादेवी निकाल आहे, सुप्रीम कोर्टाच्या पाच जजेसचा, की जाहिरात आणि खुली स्पर्धा नसेल तर अशा माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. पण एक लक्षात ठेवा, 2024 च्या डिसेंबरमध्ये जग्गो केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या कामगारांना हाकलायला उमादेवीचा वापर करू नका. म्हणजे पंधरा वर्षं झाडू मारणाऱ्या बाईविरुद्ध हे हत्यार चालेल असं समजू नका, आणि चालवूही नये.

दुसरा, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणं. जाहिरातीत इंटरव्ह्यूला किमान मार्कांची अट नाही, इंटरव्ह्यू झाले, आणि मग कोणाला तरी आठवलं की इंटरव्ह्यूमध्ये इतके टक्के हवेतच, आणि लेखीतले टॉपर बाहेर. के. मंजुश्री निकालात (2008) अगदी हेच झालं होतं आणि ते चुकीचं ठरवलं गेलं. 7 नोव्हेंबर 2024 ला तेजप्रकाश पाठक केसमध्ये घटनापीठाने त्यावर पुन्हा शिक्का मारला, की भरती जाहिरातीपासून सुरू होते आणि मध्येच पात्रतेच्या अटी बदलता येत नाहीत, नियमात किंवा जाहिरातीत तशी सोय आधीच असेल तरच, आणि तेव्हाही बदल मनमानी नको. म्हणून जाहिरात बारीक वाचा. ‘निकषात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत तळाला असतं, त्याने सगळंच माफ होत नाही पण समोरचा वकील ते पहिलं वाचणार.

तिसरा, निवड समितीत नातेवाईक. इथला बाप निकाल म्हणजे 1969 चा क्रायपाक. जम्मू-काश्मीरमध्ये वन सेवेची निवड होती, समितीत बसलेला कार्यकारी मुख्य वनसंरक्षक स्वतःच उमेदवार, स्वतःच्या नावाच्या वेळी उठून बाहेर गेला पण स्पर्धकांच्या नावावर चर्चा करायला आत. सुप्रीम कोर्टाने निवड रद्द केली. पक्षपात झाल्याचं सिद्ध करायची गरज नाही, होण्याची रास्त शक्यता दिसली तरी पुरे, हा यातला कामाचा भाग. पण लोकसेवा आयोगाला थोडी सवलत आहे. अशोककुमार यादव केसमध्ये (1985) सांगितलं की आयोगाच्या एखाद्या सदस्याचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्याने त्या उमेदवाराच्या मुलाखतीतून आणि चर्चेतून बाजूला व्हावं, पूर्ण प्रक्रियेतून हटायची गरज नाही. खात्याच्या साध्या समितीला मात्र ही सवलत नाही.

चौथा, इंटरव्ह्यूचे मार्क. यावर थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. समजा लेखी 200 ची, इंटरव्ह्यू 50 चा. लेखीत 142 वाल्याला इंटरव्ह्यूला 12, एकूण 154. लेखीत 118 वाल्याला 46, एकूण 164. एकट्या या जोडीवर काही सिद्ध होत नाही, एखादा माणूस बोलायला कच्चा असू शकतो. पण पूर्ण यादी मांडली आणि दिसलं की लेखीतले पहिले दहाच्या दहा 10 ते 15 च्या आत आहेत आणि निवड झालेले सगळे 40 च्या वर, तर मग तो योगायोग राहत नाही, तो पॅटर्न होतो, आणि पॅटर्नवर कोर्ट रेकॉर्ड मागवतं. वेटेजही बघा. अजय हसिया निकालात 150 पैकी 50 मार्क इंटरव्ह्यूला होते आणि मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या, तेव्हा कोर्टाने म्हटलं की 15 टक्क्यांच्या वर जाणं मनमानी. ती केस कॉलेज ॲडमिशनची होती पण तिचा आधार भरतीतही घेतात. लेखी परीक्षाच नसेल तर मात्र इंटरव्ह्यूला जास्त मार्क चालतात, त्यामुळे हा आकडा कुठेही फेकू नका.

पाचवा, अपात्र माणूस घेणं. अनुभवाचा दाखला खोटा, डिग्री कटऑफ तारखेनंतरची, क्रीडा प्रमाणपत्र बोगस. जिंकायला हा सगळ्यात सोपा, कारण यात कोणाच्या मनात काय होतं ते दाखवायचंच नाही, दोन तारखा शेजारी ठेवल्या की झालं. माझं तर मत आहे की पक्षपाताचे कितीही किस्से तुमच्याकडे असले तरी आधी निवड झालेल्यांची पात्रता तपासा.

आता काय बसत नाही तेही ऐका. ‘माझा इंटरव्ह्यू मस्त झाला होता तरी कमी मार्क दिले’ हे बसत नाही. दलपत सोळुंके निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की निवड समितीच्या तुलनात्मक मूल्यांकनावर कोर्ट अपील चालवत नाही. उत्तरतालिकेतलं अमुक उत्तर चूक आहे हे सुद्धा, अगदी ढळढळीत चूक असल्याशिवाय, कोर्ट हात लावत नाही (रणविजय सिंग, 2018). आणि यादीत नाव आलं म्हणजे नेमणूक मिळालीच पाहिजे असाही हक्क नाही, शंकरसन दाश निकाल 1991 पासून तेच सांगतोय, फक्त सरकारने जागा न भरण्याचं कारण मनमानी नको.

इंटरव्ह्यूच्या आधीच खटकलं तर तेव्हाच लिहा

इथे पोरं मार खातात. समितीत कोण बसलंय ते आधीच कळलेलं असतं, निकष चुकीचे आहेत हेही माहीत असतं, पण वाटतं आता बोललो तर इंटरव्ह्यूमध्ये डूख धरतील, निकाल लागू दे मग बघू. निकाल विरोधात लागतो, आणि कोर्टात सरकारी वकील एकाच निकालाचं नाव घेतो, मदनलाल (1995). गुपचूप भाग घेतला, नापास झाल्यावर ओरडतोय, चालणार नाही. 

यातून सुटायला मीता सहाय निकाल आहे, 2019 चा, की उमेदवार प्रक्रियेत भाग घेतो म्हणजे त्यातला बेकायदेशीरपणा मान्य करतो असं नाही. पण तो धरून बसण्यापेक्षा आधीच एक साधा मेल टाकलेला बरा. मोठं काही नको: ‘जाहिरात क्रमांक अमुक, मुलाखत दिनांक तमुक. निवड समितीची रचना सेवाप्रवेश नियमांशी सुसंगत नसल्याने मी हरकत नोंदवून मुलाखतीस हजर राहत आहे, माझे हक्क राखून ठेवत आहे.’ एवढंच. आयोगाच्या किंवा खात्याच्या अधिकृत मेलवर, आणि एक प्रत रजिस्टर्ड पोस्ट एडीने. पोचपावती जपून ठेवा, ती पुढे सोन्याची ठरते.

अर्थात निकालानंतर कळलेल्या गोष्टींना, म्हणजे मार्कांचा पॅटर्न किंवा दुसऱ्याचा बोगस दाखला, मदनलाल लागू करणं त्यांना अवघड जातं, तुम्हाला आधी कळणार कसं होतं.

निकालाच्या दिवशी रात्रीच करायची कामं

जाहिरात, शुद्धिपत्रकं, हॉल तिकीट, तुमची रिस्पॉन्स शीट, पहिली आणि अंतिम उत्तरतालिका, गुणवत्ता यादी, निवड यादी, प्रतीक्षा यादी, सगळं डाउनलोड करून ठेवा. वेबसाइटवरून पीडीएफ गायब होतात किंवा गुपचूप बदलतात, मग ‘आधी वेगळी यादी होती’ हे सांगायला तुमच्याकडे काहीच नसतं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेबसाइटचा पत्ता दिसू दे.

परीक्षा केंद्रावर काही घडलं असेल, डमी बसला, पेपर उशिरा दिला, मोबाइल आत गेला, तर सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं असं पत्र लगेच द्या. ही रेकॉर्डिंग काही काळाने आपोआप पुसली जातात, आरटीआयचं उत्तर येईपर्यंत काही उरत नाही. पत्र दिल्यानंतर पुसलं तर निदान कोर्टात विचारता येतं की मागूनही का जपलं नाही. पश्चिम बंगालच्या शिक्षक भरतीचं उदाहरण बघा, तिथे ओएमआर शीट नष्ट केलेल्या होत्या आणि मूळ स्कॅन डेटाशी आयोगाच्या सर्व्हरवरचे मार्क जुळेनात, शेवटी 3 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने 25,753 नेमणुका रद्द केल्या. नष्ट झालेलं रेकॉर्ड नेहमी सरकारच्याच फायद्याचं ठरतं असं नाही.

आरटीआय, पण नीट

‘भरतीत भ्रष्टाचार का झाला याची माहिती द्यावी’ असले अर्ज मी पाहिलेत. याला उत्तर येतं की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, आणि तीस दिवस वाया. आरटीआयमध्ये ‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचा. महाराष्ट्रात अजून एक अट आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांच्या आत, त्यामुळे निबंध लिहू नका, लागले तर दोन-तीन वेगळे अर्ज करा. फी 10 रुपये, राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून भरता येते. नमुना असा:

विषय: जाहिरात क्र. ___ दि. ___ अन्वये ___ पदाची भरती.
1. सदर पदाचे प्रचलित सेवाप्रवेश नियम व सुधारणांच्या प्रती.
2. निवड समिती गठित केल्याच्या आदेशाची प्रत.
3. मुलाखतीचे निकष ठरवलेल्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, दिनांकासह.
4. मुलाखत दिलेल्या सर्व उमेदवारांचे लेखी व मुलाखतीचे गुण वेगवेगळे दर्शवणारी यादी, बैठक क्रमांकनिहाय.
5. समितीतील कोणाचेही नातेवाईक उमेदवार नसल्याबाबतच्या घोषणापत्रांच्या प्रती, आवश्यक तेथे नावे झाकून.

पाचव्या मुद्द्यात नावं झाकून का मागितली? कारण मुलाखत घेणाऱ्यांची नावं द्यायला सुप्रीम कोर्टाने बिहार लोकसेवा आयोगाच्या केसमध्ये (2012) नकार दिलाय, त्यांच्या सुरक्षेच्या कारणाने. नावं मागाल तर अख्खा मुद्दा फेटाळतील. घोषणापत्रं घेतलीच नाहीत एवढं कळलं तरी आपलं काम होतं.

चौथा मुद्दा, म्हणजे इतरांचे मार्क, यावर खरी मारामारी असते. स्वतःची उत्तरपत्रिका मिळते, सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या सीबीएसई केसपासून ते ठरलेलं आहे, यूपीएससी मात्र सुप्रीम कोर्टाच्याच 2018 च्या निकालाच्या आड जाते. इतरांच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल फार कामाचा आहे, पुण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत एका उमेदवाराने बाकीच्यांचे मार्क मागितले होते आणि कोर्टाने ते द्यायला लावले, जाहीर भरतीतले मार्क ही काही कोणाची खाजगी भानगड नाही म्हणून. पण त्यानंतर एक घोळ झालाय. डेटा प्रोटेक्शन कायद्याने आरटीआयचं कलम 8(1)(जे) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झालाय, आधी त्या कलमात ज्या अटी होत्या त्या गेल्या आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच राहिलं. त्यामुळे आता माहिती अधिकारी ते कलम टाकून हात वर करतील. उपाय, अर्जातच लिहा की कलम 8(2) प्रमाणे व्यापक जनहितासाठी माहिती मागतोय, आणि नावांऐवजी बैठक क्रमांक मागा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा गोलगोल उत्तर आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दुसरं अपील माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत, पण आयोगाची तारीख यायची वाट बघत कोर्टाची मुदत घालवू नका. खरं तर माहिती नाकारल्याचं पत्र हा सुद्धा कागदच आहे, ते अर्जाला जोडा आणि कोर्टालाच रेकॉर्ड मागवायला सांगा, मॅटला, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाला, तसा अधिकार आहे.

मुदत, मुदत, मुदत

मॅटमध्ये जायची मुदत आहे एक वर्ष, ज्या आदेशाने किंवा यादीने तुमचं नुकसान झालं त्या तारखेपासून. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा 1985, कलम 21. नियमांप्रमाणे खात्यात अपील किंवा निवेदन दिलं असेल आणि सहा महिने उत्तर नसेल, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. लोक याचा अर्थ असा काढतात की निवेदन देत राहिलो की मुदत वाढत राहते, मग एक निवेदन सचिवांना, एक मंत्र्यांना, एक पालकमंत्र्यांना, एक जनता दरबारात, आणि तीन वर्षांनी वकिलाकडे फाइल घेऊन. अजिबात वाढत नाही. एस. एस. राठोड (1989) आणि सी. जेकब (2008) दोन्ही हेच सांगतात, की कायद्यात नसलेली, पुन्हा पुन्हा दिलेली निवेदनं मुदत जिवंत ठेवत नाहीत. आणि बाहेरच्या उमेदवाराला बहुतेक वेळा खात्यात कायद्याने दिलेलं अपील नसतंच, म्हणून एक निवेदन द्या, दोन-तीन आठवडे बघा, आणि निघा.

उशीर झालाच तर एम.ए. (मिसलेनियस ॲप्लिकेशन, म्हणजे मुख्य अर्जासोबतचा वेगळा अर्ज) करून उशीर माफ करून मागता येतो, कारण पटण्यासारखं हवं. हायकोर्टात रिट याचिकेला अशी ठराविक मुदत नाही, पण उशिराने आलात तर तेवढ्याच कारणावर काढून टाकतात. आणि मुदतीत असलात तरी वेगळीच गोची आहे, निवड झालेले रुजू होतात, ट्रेनिंग होतं, पगार सुरू होतो, दोन वर्षांनी त्यांना घालवायला कोणताही जज कचरतो. सगळ्यात चांगली केस तीच जी नेमणूक पत्रं निघायच्या आधी दाखल होते.

कुठे जायचं

राज्य सरकारच्या पदांसाठी, एमपीएससीची भरती असो की खात्याची सरळसेवा, पोलीस भरती धरून, आधी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे बसतं. थेट हायकोर्टात गेलात तर परत पाठवतील, चंद्रकुमार निकालाने (1997) ते पक्कं केलंय, आधी न्यायाधिकरण आणि त्याच्या निकालावर हायकोर्टाचं खंडपीठ. केंद्र सरकारची नोकरी असेल तर तसंच कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका, विद्यापीठ, महामंडळं, आणि कोर्टाचा स्टाफ यांच्या भरतीसाठी मॅट नाही, तिथे कलम 226 खाली हायकोर्टात रिट. जिल्हा परिषदवाले इथे हमखास फसतात, ‘सरकारी’ म्हणून मॅटमध्ये जातात, दोन-चार महिने जातात आणि अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.

अर्जात काय असावं

मॅटच्या अर्जाला ओ.ए. (ओरिजिनल ॲप्लिकेशन) म्हणतात. फी नाममात्र आहे आणि स्वतः उभं राहून केस चालवता येते, पण भरतीच्या केसमध्ये सर्व्हिस मॅटरचा वकील घ्या, गावातला ओळखीचा दिवाणी वकील नको, तो बिचारा मेहनत करेल पण सेवाप्रवेश नियम त्याच्या रोजच्या कामातले नाहीत.

वकील कोणीही असला तरी तीन गोष्टी स्वतः तपासा.

एक, निवड झालेल्यांना पार्टी, म्हणजे केसमध्ये प्रतिवादी, केलंय का. ज्यांची नोकरी जाऊ शकते त्यांना न ऐकता आदेश देता येत नाही, प्रबोध वर्मा (1984) पासून हा नियम आहे. फारच जास्त असतील तर त्यातल्या काहींना सगळ्यांच्या वतीने करता येतं. यांना पार्टी न केल्यामुळे चांगल्या चांगल्या केस पडल्यात.

दोन, कोणा अधिकाऱ्याने किंवा मंत्र्याने हेतुपुरस्सर केलं असं म्हणायचं असेल तर त्याला नावानिशी पार्टी करावं लागतं, आणि कधी, कुठे, कसं याचा तपशील द्यावा लागतो. रोयप्पा निकालात (1974) म्हटलंय की असा आरोप सिद्ध करायचा बोजा फार जड असतो. माझा सल्ला, हातात शिफारसपत्र किंवा फाइलवरचा शेरा नसेल तर हा आरोप टाकूच नका. नियमभंगावर केस जिंकत असाल तर हेतू सिद्ध करायची गरजच काय, उलट कच्चा आरोप टाकला की बाकीचे पक्के मुद्देही संशयाने बघितले जातात.

तीन, मागणी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नव्हे. पूर्ण रेकॉर्ड मागवा, अमुक तारखेची निवड यादी अमुक मर्यादेपर्यंत रद्द करा, नियमाप्रमाणे नवी यादी लावा, माझ्या मेरिटप्रमाणे विचार करा. आणि अंतरिम मागणी वेगळी. पूर्ण भरतीला स्टे मिळणं कठीण असतं, म्हणून पर्यायी मागणी लिहून ठेवा की एक जागा रिकामी ठेवावी, नाहीतर निदान सगळ्या नेमणुका या केसच्या निकालाच्या अधीन राहतील असं नेमणूक पत्रात लिहावं. शेवटची मागणी बहुतेक वेळा मिळते आणि तिची किंमत मोठी आहे, पुढे कोणी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणू शकत नाही.

सगळी भरती रद्द करा अशी मागणी करायच्या आधी दहा वेळा विचार करा. कोर्ट आधी बघतं की डागी आणि स्वच्छ उमेदवार वेगळे काढता येतात का, येत असतील तर फक्त डागी काढतात (राजेश पी. यू., 2003). आणि सगळं रद्द झालं तर प्रामाणिकपणे लागलेले शेकडो लोक पण जातात, तुम्हालाही परत पहिल्यापासून परीक्षा, त्यात वय निघून गेलेलं.

तुम्ही उमेदवार नसाल तर

नोकरीच्या वादात जनहित याचिका चालत नाही, दुर्योधन साहू निकाल (1998). याला वाट एकच, को-वॉरंटो, म्हणजे हा माणूस या सार्वजनिक पदावर कोणत्या अधिकाराने बसलाय असा थेट प्रश्न, आणि तो कोणीही नागरिक विचारू शकतो. पण इथे फक्त एवढंच बघतात की कायद्याने ठरवलेली पात्रता किंवा पद्धत मोडली का. कुलगुरू, आयोगाचे अध्यक्ष, मंडळाचे सदस्य अशा पदांना हे जास्त लागू पडतं. 2011 साली केंद्रीय दक्षता आयुक्तांची नेमणूक सुप्रीम कोर्टाने रद्द केली ती एका संस्थेच्या याचिकेवरच.

पैसे घेतले गेले असतील तर

मग मॅट एकटं पुरत नाही, तो गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064. कोणी पैसे मागतोय त्याच वेळी जा, ट्रॅप तेव्हाच लागतो. आणि हे नीट वाचा, 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. त्यामुळे ‘मी दिले होते पण काम झालं नाही’ अशी तक्रार घेऊन जाणारे आधी वकिलाला भेटा. पेपरफुटीसाठी केंद्राच्या परीक्षांना 21 जून 2024 पासून वेगळा कायदा आहे, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड.

पोलीस तपास आणि मॅटची केस दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, एक संपायची वाट बघू नका. हरियाणात 3,206 शिक्षकांच्या भरतीत माजी मुख्यमंत्र्यांना 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती भरती होती 1999-2000 ची. तेवढं थांबायला आपल्याकडे वय नसतं.

खर्च आणि नंतरचं

चार-पाच जण मिळून एकच ओ.ए. करता येतो, तक्रार सारखीच असेल तर, त्यासाठी एकत्र दावा करायची परवानगी एम.ए. देऊन घ्यायची. वकिलाची फी वाटली जाते, फक्त आधीच ठरवा की मधे कोणाला नोकरी लागली तरी तो आपला हिस्सा देणार. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 15100 वर विचारा.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर बहुतेक वेळा थेट नेमणूक मिळत नाही, ‘इतक्या आठवड्यांत पुनर्विचार करून निर्णय घ्यावा’ असा आदेश येतो. आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढून त्याच आठवड्यात खात्याला द्या, शिक्का मारून पोच घ्या, कारण ते आठवडे बहुतेक वेळा त्या पोचेपासून मोजतात. समोरचे हायकोर्टात जातील असं वाटत असेल तर तिथे कॅव्हेट टाकून ठेवा म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणार नाही. मुदत उलटूनही खातं ढिम्म बसलं तर अवमान याचिका मॅटमध्येच करता येते, पण तिलाही एक वर्षाचीच मुदत आहे, ‘साहेब म्हणालेत पुढच्या महिन्यात करतो’ यावर ती घालवू नका.